नारिंगी शनिवार

पहिला दगड आला तेव्हा निशी माझ्या पायांवर पालथी होती. मोरीत पाटावर बसून, दोन्ही पाय पसरून मी तिला न्हाऊ घालत होते. नऊ महिन्यांचं बाळ, अंगभर तेल, सारखं हातातून निसटत होतं. खिडकीची काच फुटली, दगड समोरच्या भिंतीवर आपटून घंगाळात पडला आणि गरम पाणी माझ्या तोंडावर उडालं. निशी हसली. तिला वाटलं, मी खेळतेय.

खालून कुणीतरी म्हणालं, “इंद्या, पुण्याला जायचं तर जा. पाय तेवढे हितं ठेवून जा.”

मग चारपाच जण हसले. हसणारे कोण ते मला आवाजावरून कळलं. त्यातल्या दोघांनी बारशाला आमच्याकडे पंगतीत वाढलं होतं.

मी निशीला पदरात गुंडाळलं आणि मागच्या खोलीत नेऊन भिंतीला टेकून बसले. इंद्रजित जिना उतरून गेले. ते काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळानं त्यांचंही हसणं आलं. वर आले, केरसुणी घेतली आणि मोरीतल्या काचा गोळा करायला लागले.

“पोरं आहेत,” म्हणाले. “फायनल म्हटल्यावर डोकी तापतात.”

मी निशीला बोटाबोटानं तपासत होते. कानामागं, काखेत, मांडीच्या वळीत. मांडीच्या वळीत काचेचा एक कण सापडला, साखरेच्या दाण्याएवढा. रक्त आलं नव्हतं. मी तो कण तळहातावर घेऊन त्यांना दाखवला. त्यांनी बघितला, चिमटीत धरून केराच्या सुपलीत टाकला आणि परत झाडायला लागले.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चमधला शुक्रवार, तेरा तारीख.

आमचं घर कोल्हापुरात वाघजाई तालमीच्या बोळात, स्टेडियमपासून चार मिनिटांवर. तालीम म्हणजे कुस्तीची, पण आता आखाड्यात माती कमी आणि फुटबॉलचे बूट जास्त. इथं प्रत्येक पेठेच्या तालमीचा संघ असतो, डिसेंबर ते मे सामने चालतात आणि तेवढे महिने माणसं एकमेकांना तालमीच्या नावानंच ओळखतात. इंद्रजित वाघजाईचे नऊ नंबर. गोव्यातल्या एका मोठ्या क्लबनं त्यांना दोन वर्षांपूर्वी करारावर घेतलं होतं. तिथले सामने टीव्हीवर दिसायचे. तरी तालमीच्या महत्त्वाच्या सामन्याला ते रात्रीच्या गाडीनं यायचे, खेळायचे, परत जायचे. नियमात हे बसत नव्हतं. पण नियम कुणी काढत नव्हतं. आमच्याकडे भांडण तोंडानं होतं, हातानं होतं. कागदानं होत नाही. लेखी हरकत देणाऱ्याला पेठेत भित्रा म्हणतात, आणि ते नाव तीन पिढ्या पुसत नाही.

आणि त्या मार्चमध्ये इंद्रजितना पहिल्यांदा भारताच्या शिबिराचं पत्र आलं होतं. शिबिर पुण्याला.

स्वयंपाकघराच्या दारामागं माझं कॅलेंडर होतं. मी एम. कॉम. झालेली, बाळंतपणाआधी कॉलेजच्या ऑफिसात कामाला होते. कागद नीट लावायची सवय. दर डिसेंबरात मी कार्डशीटवर वर्षाचे बारा चौकोन आखायची, आणि त्यांत तारखांचे लहान चौकोन. गोव्याच्या क्लबचे सामने निळ्या पेननं. देशाचे दिवस नारिंगी; वर्षातून चारपाच वेळा असे आठ-दहा दिवस येतात, तेव्हा जगातल्या प्रत्येक क्लबला आपला खेळाडू देशासाठी सोडावाच लागतो. जे रिकामे चौकोन उरतील त्यांत हिरव्यानं तालीम. चौकोनाच्या कडेला पेन्सिलीनं घरातलं: सिलिंडर, निशीच्या लसी. तालमीचे आप्पा वस्ताद दरवर्षी त्याची एक झेरॉक्स न्यायचे आणि स्पर्धेच्या कमिटीत बसून वाघजाईचे सामने बरोबर रिकाम्या चौकोनांत पाडून घ्यायचे. कमिटीला वाटायचं, वस्तादांना मुहूर्त कळतो.

त्या वर्षीची फायनल चिंचबन तालमीशी, एकवीस फेब्रुवारीला होती. हिरवी, सुटसुटीत. पण सेमीफायनलला दगडफेक झाली, गॅलरीचं रेलिंग उपटून मैदानात फेकलं गेलं, पोलिसांनी परवानगी रोखली. नवी तारीख मिळाली ती चौदा मार्च, शनिवार. माझ्या कॅलेंडरवर तेरा तारखेपासून पुढचे बारा दिवस नारिंगी होते.

महासंघाच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की शुक्रवारपासून खेळाडू संघाच्या ताब्यात. रविवारी सकाळी दहाला हजर. मधल्या काळात कुठलाही सामना खेळल्यास नाव कमी.

त्या सकाळी मी निशीला घेऊन उठले आणि कॅलेंडरवर बोट ठेवून विचारलं, “उद्याचा रंग कुठला आहे?”

“चारला सामना. सहाला संपतो. सातला गाडी. बाराला पुण्यात.” त्यांनी केर उचलला. “दोन्ही होतंय की. कोल्हापुरातली फायनल दिल्लीला कोण बघतंय?”

“पाय मोडला तर बघतील.”

“मोडत नाही.”

“जानेवारीतल्या सामन्यात सहा टाके पडलेत नडगीला. चिंचबनच्या त्या स्टॉपरनं चेंडू कधीच गेल्यावर पाय घातला. मी बघत होते.”

“तू फुटबॉल बघतच नाहीस. तू नुसते माझे पाय बघतेस.”

खरंच होतं ते. मी गॅलरीत बसले की चेंडू कुठं आहे मला कळायचं नाही. कोण त्यांच्या किती जवळ आलंय, कुणाच्या हातात काय आहे, बाहेर जायचा रस्ता कुठून, एवढंच.

“उद्या खेळू नका,” मी म्हणाले. “आजच जा. मी सांगते सगळ्यांना, ताप आलाय म्हणून.”

ते जमिनीवर बसले, माझ्यासमोर. निशीचा पाय हातात घेतला. “गुलाल उचललाय मी,” म्हणाले.

म्हणजे विषय संपला. डिसेंबरात, मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, तालमीतले सगळे खेळाडू मारुतीसमोर जोतिबाचा गुलाल मुठीत घेतात आणि म्हणतात, शेवटच्या सामन्यापर्यंत संघ सोडणार नाही. गुलाल उचलून फिरलेल्या एका माणसाचं घर आमच्या बोळात अजून आहे. त्या घरात मुलगी देत नाहीत.

अकरा वाजता मी निशीला घेऊन गोवराची लस द्यायला गेले. ती टोचताना रडली नाही, नंतर रिक्षात रडली. परत येताना मी सरळ घरी आले नाही, वाटेत एकदोन कामं होती. घरी आले तेव्हा दोन वाजले होते. आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं एवढा उशीर का. गर्दी होती म्हणाले.

शनिवारी दुपारी दोनला हलगी वाजायला लागली. माझा दीर सुजित सगळ्यांच्या पुढं. चोवीस वर्षांचा, अंगानं इंद्रजितच्या दुप्पट. स्वतः कधी संघात आला नाही, पण झेंडा त्याच्याच हातात. झेंड्याची काठी वेताची नव्हती, पाइपाची होती. मी ते बघितलं. मी असलं सगळं बघते.

“भावजी, काठी लोखंडी का?” मी विचारलं.

“वाऱ्यानं वाकत्यात वहिनी वेताच्या,” तो म्हणाला, आणि बाकीची पोरं हसली.

आप्पा वस्ताद स्वतः वर आले. सत्तरीचा माणूस, कान कुस्तीत चिरडून भज्यासारखे झालेले, चालताना गुडघे बाहेर. इंद्रजित दहा वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले. तेव्हापासून बूट, दूध, शाळेत सही, सगळं वस्तादांनी बघितलं. गोव्याच्या निवडीला तेच एसटीनं घेऊन गेले होते. त्यांनी इंद्रजितच्या कपाळाला गुलाल लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तोंड का उतरलंय, पोरी? त्याच्या पायावर येणारा पाय आधी माझ्यावरनं जाईल.”

मी वाकून नमस्कार केला. त्यांच्या पायांकडे बघत राहिले. त्या पायांवर काही घ्यायची ताकद आता उरलेली नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं.

मिरवणूक गेली. बोळात फक्त आम्ही बायका आणि कुत्री उरलो. मी निशीला खांद्यावर टाकून गॅलरीत उभी राहिले. आमच्या गॅलरीतून बोळाचं तोंड दिसतं, आणि तोंडासमोर रस्त्यापलीकडे देवकुळे सरांचं घर. चिंचबन तालीम रस्त्याच्या त्या बाजूची, आणि सर तिचे सेक्रेटरी. मला सहावीपासून दहावीपर्यंत त्यांनी चित्रकला शिकवली. चित्र मला जमलं नाही. पण अक्षरलेखन आणि रेघा जमल्या. पट्टी दोन बोटांनी नाही, पूर्ण तळव्यानं दाबायची आणि रेघ एका श्वासात ओढायची, हे त्यांचं. माझ्या कॅलेंडरच्या सगळ्या रेघा तशाच आखलेल्या असायच्या.

पावणेचारला स्टेडियमचा लाउडस्पीकर घरात ऐकू आला. आधी खरखर, मग कमिटीच्या माणसाचा आवाज: वाघजाईचा खेळाडू क्रमांक नऊ, इंद्रजित चौगले, यांच्याबाबत लेखी हरकत प्राप्त झाल्यानं ते आजच्या सामन्यात खेळू शकणार नाहीत.

तीनचार सेकंद काहीच नाही. मग जो आवाज आला तो माणसांचा वाटला नाही. गॅलरीचा पत्रा थरथरला. निशी दचकून रडायला लागली, आत्ती देवघरातून बाहेर आल्या, “काय झालं, काय झालं” करत. मी म्हणाले, संघ मैदानात उतरला असेल.

सव्वाचारला इंद्रजित आले. वस्तादांनी त्यांना मागच्या दारानं स्कूटरवर बसवून पाठवलं होतं. जर्सी गळ्यापासून पोटापर्यंत फाटलेली. ती त्यांनी स्वतःच फाडली होती. खोलीत आले आणि कपाटाच्या आरशावर मूठ मारली. आरसा फुटला नाही, म्हणून परत मारली. तिसऱ्यांदा फुटला. मनगटापर्यंत रक्त आलं आणि फरशीवर गुलाल आणि रक्त वेगवेगळं ओळखू येईना.

“कागद दिला,” ते म्हणत होते. “चिंचबनच्या भाड्यांनी कागद दिला. मैदानात जमलं नाही म्हणून कागद.”

“हात धुवा.”

“सोडत नाही. एकेकाला घरातनं ओढून काढतो.”

ते दाराकडे निघाले. मी दारात उभी राहिले, निशीला छातीशी घट्ट धरून. ती किंचाळत होती. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी त्यांनी माझा दंड धरला आणि बाजूला ओढलं. दंडावर त्यांच्या रक्ताची चार बोटं उमटली. मी परत दारात येऊन उभी राहिले.

“मला मारा आणि जा,” मी म्हणाले. “खरं आधी हिला कुणाकडं तरी द्या.”

ते थांबले. मग खाली बसले आणि निशीसारखे रडले.

पाचला त्यांचा शाळेतला मित्र गाडी घेऊन आला. मी हाताला पट्टी बांधली, बॅग आधीच भरलेली होती. त्यांनी ती उचलली आणि म्हणाले, “तू कधी भरलीस?” मी म्हणाले, सकाळी. ते गेले. गाडी बोळाच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली तेव्हा मी पहिल्यांदा भिंतीला टेकले. त्यांचे पाय शाबूत होते. दोन्ही.

सामना वाघजाई दोन-शून्यनं हरली. सहा वाजून गेले होते, अजून चांगला उजेड होता. देवकुळे सर स्टेडियमवरून सायकल हातात धरून चालत आले. कॅरिअरला मैदानाच्या कोपऱ्यातली चार निशाणं बांधलेली. ती दरवर्षी तेच घरी नेऊन धुवायचे. संघ जिंकलेला, पण ते मिरवणुकीत नव्हते. त्यांनी कुलूप उघडायला किल्ली काढली, आणि मागून आमची पोरं आली.

मी मोजले. अकरा. सर्वांत पुढं सुजित.

“सर, कागद दिला न्हवं?” सुजित म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

“कसला कागद?”

“दादाचा.”

सर त्याच्याकडे बघत राहिले. सुजितलाही त्यांनी शिकवलं होतं. “आमच्यात कागद देत नाहीत, सुजित,” ते म्हणाले. “तुझ्या बापाला विचार, असता तर त्यानं सांगितलं असतं.”

बापाचं नाव काढलं ते चुकलं. कुणीतरी सायकल लाथाडली. सर ती सावरायला वाकले आणि पाठीत पहिली लाथ बसली. ते सायकलवरच पडले. मग मला फक्त पाय दिसत होते, बुटांचे आणि चपलांचे, आणि मध्ये सरांचा पांढरा शर्ट. एकानं निशाण उपसून घेतलं आणि पाठीवर मोडलं. आवाज ओल्या लाकडासारखा आला, तो निशाणाचा की बरगडीचा कळलं नाही. सर ओरडत नव्हते. दोन्ही हातांनी डोकं झाकून ते दाराकडे सरकत होते, उंबऱ्यापर्यंत आले होते, तेवढ्यात सुजितनं झेंड्याची काठी उलटी धरली आणि भाल्यासारखी खाली घातली. एकदाच. सरांचे हात डोक्यावरून चेहऱ्यावर आले.

मला ओरडायचं होतं. एक वाक्य पुरे होतं. तोंड उघडलं होतं, ते मला आठवतं, कारण जीभ कोरडी पडली होती. निशी खांद्यावर झोपली होती, तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता. मी मागं सरकले, गॅलरीचं दार लावलं आणि कडी घातली. वरची आणि खालचीही.

दार लावायच्या आधी मी एक पाहिलं. बोळाच्या कोपऱ्यावर, पानपट्टीच्या आडोशाला, आप्पा वस्ताद उभे होते. एकटे. त्यांनी मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघितलं. मग मान फिरवली आणि तालमीच्या दिशेनं चालायला लागले. त्यांनी पोरांना हटकलं नाही. ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्यानं आखाडा गप्प व्हायचा, त्यानं हटकलं नाही. मला वाटलं, म्हातारा भ्याला.

सरांच्या दोन बरगड्या मोडल्या आणि डावा डोळा गेला. पोलिसांनी सुजितसह चौघांना उचललं. सरांनी जबाब दिला की गर्दी होती, कोण होतं दिसलं नाही. आत्ती म्हणाल्या, देवमाणूस. पुढं तीन महिन्यांत पोरं सुटून आली.

दहा दिवसांनी भारताचा सामना होता, संध्याकाळी पाचला. बोळात सगळ्यांनी टीव्ही मोठ्यानं लावले होते. आत्ती शेजारच्यांकडे बघायला गेल्या, कारण तिथं पडदा मोठा होता. मी एकटीच होते. निशी चटईवर रांगत होती. बासष्टाव्या मिनिटाला कॅमेरा कडेला गेला आणि इंद्रजित उभे दिसले, निळी जर्सी, उजव्या हाताला पट्टी. पंचानं बोर्ड वर केला. बाहेर फटाक्यांची माळ लागली.

तेव्हाच आप्पा वस्ताद जिना चढून आले. मी डोक्यावर पदर घेतला, पाणी दिलं. त्यांनी पाणी बाजूला ठेवलं, बंडीच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि तो उलगडून चटईवर ठेवला.

माझ्या कॅलेंडरची झेरॉक्स. मार्चचा चौकोन.

“कमिटीनं मला वाचायला दिला,” ते म्हणाले. “अर्ज त्यांच्याकडंच हाय, टाइप केलेला, खाली ‘एक फुटबॉलप्रेमी’. ह्यो मागं टाचलेला हुता. त्यो तेवढा मी काढून घेतला.”

मी कागदाकडे बघत होते. शुक्रवारी लस टोचून झाल्यावर मी टायपिंगच्या दुकानात बसून तो अर्ज करून घेतला होता. कॉलेजात आम्ही पुराव्याशिवाय अर्ज घेत नसू, म्हणून पुरावा जोडला. घरातून निघतानाच कॅलेंडर गुंडाळून पिशवीत घेतलं होतं, पेन्सिलीच्या नोंदींवर कागदाच्या पट्ट्या ठेवून मार्चची झेरॉक्स काढली, आणि स्टेडियमच्या ऑफिसच्या फटीतून लिफाफा आत सरकवला. निशी माझ्या कडेवर होती. ती रडत होती, आणि मी घाईत होते. तेरा तारखेच्या चौकोनातली पट्टी सरकली होती. तिथं लिहिलेलं होतं: निशी लस.

“रेघा बघूनच वळखलं,” वस्ताद म्हणाले. “असला कागद दोनच घरांत हाय. माझ्या आणि तुझ्या. नाव नंतर दिसलं. पण ते नाव कुणालाबी दिसलं असतं.”

“तुम्ही कुणाला…”

“बाहेर दोनशे पोरं हुती. कुणी दिला, कुणी दिला, म्हणून वरडत हुती. तुझी काच फोडणारी हीच.” त्यांनी निशीकडे बघितलं. ती त्यांच्या धोतराचं टोक धरून उभं राहायचा प्रयत्न करत होती. “खरं सांगितलं असतं तर इथं आली असती. गप बसलो असतो तर वाट फुटंल तिकडं गेली असती, इथंबी आली असती. कुठलं तरी घर सांगायलाच लागणार हुतं.”

टीव्हीवर इंद्रजितनं छातीवर चेंडू घेतला. बोळ ओरडला.

“मी म्हटलं, चिंचबनचा कागद हाय. देवकुळ्यानं दिलाय.” त्यांनी स्वतःचा उजवा तळहात उलटा करून बघितला. “गुलाल हुता ह्या हातात.”

मी काहीतरी बोलले असेन. काय, ते आठवत नाही. बहुधा ‘सर’ म्हणाले असेन, नुसतंच, ‘सर’.

“तुला शिकवायचे न्हवं?”

“हो.”

“मलाबी ठावं हुतं,” ते म्हणाले.

मग त्यांनी निशीची बोटं धोतरावरून हळूच सोडवली, तिला चटईवर बसवलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाले, “बघ, खेळ बघ. त्याच्यासाठीच केलंस न्हवं?”

मी उरलेला सामना बघितला. त्यांचे पाय बघितले.

इंद्रजित देशाकडून सात सामने खेळले. गोव्याचा करार दोनदा वाढला. तिशीनंतर गुडघा गेला, आता एका शाळेत शिकवतात. तो अर्ज कुणाचा हे त्यांना अजून माहीत नाही. एकदा जेवताना म्हणाले होते, “ज्यानं तो कागद दिला त्यानं माझं आयुष्य केलं. खरं सापडला तर पाय मोडीन त्याचा.” निशीनं विचारलं, कुठला कागद. मी तिला भात वाढला.

वस्ताद गेले त्याला पाच वर्षं झाली. शेवटपर्यंत बोळातून जाताना ते मान वर करत नसत. सुजितनं तालीम सोडली, इचलकरंजीला असतो.

वस्ताद गेल्यावरच्या डिसेंबरात देवकुळे सर आमच्या घरी आले, पहिल्यांदा. जिना चढताना डावा हात भिंतीवर घासत येत होते, कारण त्या बाजूचं त्यांना दिसत नाही. मी खुर्ची दिली ती उजवीकडे सरकवून. चहा ठेवायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर निशी त्यांना चौथीची वही दाखवत होती.

चहा घेऊन आले तेव्हा ते म्हणाले, दोन्ही तालमींनी ठरवलंय, आता तारखा मिळून लावायच्या. देशाच्या आणि मोठ्या क्लबांच्या दिवसांवर इथला सामना पडायला नको. दोन्हीकडची पोरं आता बाहेर खेळतात. “वाघजाईचं कॅलेंडर तू काढतेस म्हणे. एक मला लागेल.”

नवीन वर्षाचं तयारच होतं. मी दारामागून काढून त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी उजव्या डोळ्याजवळ नेलं, अगदी नाकाला लागेल इतकं, आणि एक एक चौकोन बघत गेले. मार्चवर थांबले. मग रेघेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका श्वासात.

“पट्टी तळव्यानं दाबतेस अजून,” ते म्हणाले.

“हो सर.”

मग त्यांनी कार्डशीट माझ्याकडे परत दिलं.

“मोठ्या अक्षरात काढ की जरा,” म्हणाले. “मला दिसत नाही.”

त्या वर्षापासून मी दोन कॅलेंडरं काढते. एक घरासाठी. दुसरं मोठ्या अक्षरात. ते मी स्वतः नेऊन देते, रस्ता ओलांडून.